शेळी तलावाकडे का गेली

सोलापूर, शनिवार, रात्र

सोमवारपासून बालवाडीत शेळीची गोष्ट. प्रसंग चारच: दावं सुटतं, शेळी कंबर तलावावर जाते, पाय चिखलात रुततो, आजी कडबा दाखवून तिला बाहेर काढते. चित्रंही चार, प्रत्येक अर्ध्या कार्डशीटएवढं, म्हणजे मागच्या ओळीतूनही रुतलेला पाय दिसेल. चित्रातला मागचा भाग कोरा. झाडावर पोपट काढला की मुलं पोपटापाशीच थांबतात.

एका वेळी एकच चित्र समोर धरायचं. पुस्तकात समोरासमोर दोन चित्रं असली की ताई डावीकडचं वाचते, मूल उजवीकडे बघतं आणि ऐकलेला शब्द भलत्याच वस्तूला चिकटतो. असंच पुस्तक हाताशी असेल तर वाचण्याआधी त्या पानावरून तळवा फिरवावा. नजर मागोमाग येते.

खरी अडचण पुढेच आहे. रुतलेला पाय चित्रात दिसतो, शेळी तलावावर का गेली ते दिसत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी गोष्ट विचारली की 'शेळी, पाणी, आजी' एवढी यादी येते. 'का' धरून ठेवायचं काम शब्दांचं: "तहान लागली, म्हणून निघाली." हे वाक्य रोज जसंच्या तसं यायला हवं. मुलांच्या आधी मोठ्यांना कंटाळा येतो, मग 'घसा कोरडा पडला' होतं आणि धागा तुटतो. पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांना तर ती नवीच गोष्ट वाटते.

ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर असंच काहीसं पाहिलं. नवे शब्द सारख्याच वेळा ऐकवले, पण वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा तीच गोष्ट पुन्हा ऐकणारी मुलं ते जास्त शिकली.

आपल्याकडे सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि पुढचा सोमवार पुरे. मंगळवारी "तहान लागली, म्हणून..." इथे थांबायचं, पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहणं जड जातं, पण राहायचंच. गुरुवारी शेवटची दोन चित्रं पालथी. पुढच्या सोमवारी चारही पालथी, गोष्ट मुलांनी सांगायची. अडलं तर उत्तर न देता तेवढंच चित्र उलटायचं. चित्र सतत समोर राहिलं तर मूल आठवत नाही, बघून सांगतं.

दुसरं चित्र उद्या पुन्हा काढायचं. शेळीची जीभ बाहेर हवी, तहान थोडी तरी दिसू दे.