डॅन्यूबची क्रूझ: संगीत ऐकायचं तर बोटीतून उतरा

आठ दिवसांच्या क्रूझमधला एक अख्खा दिवस आम्ही बसमध्ये काढला, हे आधीच सांगून टाकते. तिकीट न्यूरेंबर्ग ते बुडापेस्ट असं होतं. सप्टेंबरात डॅन्यूबचं पाणी उतरलं होतं. श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या ७० किलोमीटरच्या टप्प्यात पाणी अडवून धरणारा बंधारा नाही, त्यामुळे पाऊस कमी झाला की बोटीचा तळ टेकायची भीती. मग रेगेन्सबुर्गला बोट सोडायची, बॅगांसकट बसमध्ये बसायचं आणि पासाऊला तशाच दुसऱ्या बोटीत चढायचं. "असं क्वचितच होतं हो," इति आमचा एजंट. बारीक अक्षरात सगळं छापलेलं होतं. पैसे परत मिळणार नाहीत, हेसुद्धा. ही कटकट टाळायची असेल तर क्रूझ पासाऊपासूनच घ्या. वाटेतलं काही फार बुडत नाही.

त्या बसचं एकच भलं झालं. पासाऊच्या कॅथेड्रलमध्ये मे ते ऑक्टोबर, रविवार आणि सुट्ट्या सोडून, दुपारी १२ला ऑर्गन वाजतो आणि आम्ही वेळेत पोचलो. सुमारे १८ हजार नळ्या आहेत त्याला. पाच ऑर्गन एकाच जागी बसून वाजवतात आणि त्यातला एक चक्क माळ्यावर आहे. त्याचा आवाज छताच्या भोकातून खाली येतो. खालचे सूर लागले तेव्हा माझ्या मांडीवरच्या बाटलीतलं पाणी थरथरत होतं. तिकीट अगदी किरकोळ. मात्र वादन सुरू झालं की दारं बंद, म्हणून पाऊण तास आधी जा. बोटीच्या कार्यक्रमात त्याच वेळी "शहर-फेरी" होती. गाइडला सांगून सरळ सटका.

लिंझ आम्ही झोपेत पार केलं. मोझार्टने १७८३मध्ये तिथे चार दिवसांत अख्खी सिम्फनी लिहिली, आम्ही आठ तास घोरलो. पुढच्या वाखाऊ खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेच आहेत.

आता व्हिएन्ना. बोटीवर "संगीतसंध्या" म्हणून माणशी ९० युरोंची जादाची सहल विकत होते. आम्ही शहाणे, नाही म्हटलं. आणि श्टेफान्सप्लाट्झ या मधल्या चौकात मोझार्टसारखा विग आणि लाल मखमली कोट घातलेल्या, तिकिटं विकणाऱ्या पोराच्या तावडीत सापडलो. त्याच्या फाइलमध्ये सोनेरी सभागृहाचा फोटो. "यू फ्रॉम इंडिया? नमस्ते! बेस्ट सीट, ओन्ली टुडे." दोघांचे १३८ युरो दिले. संध्याकाळी पोचलो तर कुठल्याशा जुन्या वाड्याचा पहिला मजला, लग्नाच्या हॉलात असतात तशा खुर्च्या, आमची चौदावी रांग आणि नवऱ्यापुढे खांब. फोटोतलं सभागृह म्हणजे म्युझिकफेराइन या नामांकित संगीतगृहाचं, १८७०चं. ते तिथून बरंच लांब, आपल्या जागी शांतपणे उभं होतं. वादक वाईट नव्हते, खोटं कशाला बोलू. पण सगळे तुकडे-तुकडे, एकही रचना धड पुरी नाही. शेवटी योहान श्ट्राउसचं 'ब्लू डॅन्यूब'. १७९१मध्ये वारलेल्या मोझार्टचे कपडे घालून १८६७चा वॉल्ट्झ! मध्यंतरात शेजारच्या पंजाबी काकांकडे चौकशी केली. त्यांनी तेच तिकीट घासाघीस करून ४५ला घेतलं होतं. तो आकडा ऐकल्यावर माझं उरलेलं संगीत संपलं.

तेव्हा रस्त्यावर तिकीट घेऊच नका. घ्यायचंच असेल तर आधी तिकिटावर सभागृहाचं नाव आणि पत्ता वाचा. फोटोला काडीची किंमत नाही. म्युझिकफेराइनमध्येच बसायचं असेल तर त्यांच्याच खिडकीवर जा.

दुसऱ्या दिवशी ७१ नंबरची ट्राम पकडून मध्यवर्ती दफनभूमीत गेलो. दोन नंबरच्या फाटकाशी उतरा आणि ३२अ हा विभाग शोधा. बेटोफेन, शूबर्ट, ब्राह्म्स, योहान श्ट्राउस, सगळे संगीतकार एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. मोझार्टचं इथे फक्त स्मारक आहे. त्याला पुरलं सांक्त मार्क्सच्या दफनभूमीत आणि नेमकी जागा तिथेही कुणाला ठाऊक नाही. कुणी गेलं की व्हिएन्नावाले म्हणतात, "त्याने ७१ पकडली." ट्रामच्या भाड्याव्यतिरिक्त खर्च शून्य.

बुडापेस्ट सोपं आहे, ते इथेच आटपते. शनिवार असेल तर व्होरोशमार्टी रस्त्यावर संगीतकार फ्रान्झ लिस्ट राहायचा त्या घरी सकाळची छोटी मैफल ऐका. आंद्राशी रस्त्याखालून १८९६ची मेट्रो जाते, ती तिथेच सोडते. तिकिटावर शिक्का मारायला विसरू नका, तपासनीस दयामाया दाखवत नाहीत. ब्रातिस्लाव्हाला मी कॉफी प्यायले, बस.

आदल्या रात्रीचे १३८ युरो मला झोपू देत नव्हते, म्हणून व्हिएन्नाच्या दुसऱ्या संध्याकाळी हट्टाने सरकारी ऑपेरात गेलो. तिथे उभ्याची तिकिटं असतात आणि त्याच दिवशी मिळतात. आम्हा दोघांची मिळून आदल्या रात्रीच्या एका तिकिटाच्या निम्मीसुद्धा झाली नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतं, हे ध्यानात ठेवा. दीड-दोन तास आधी रांगेत लागा, आत गेलात की कठड्याला रुमाल किंवा ओढणी बांधा आणि बिनधास्त पाणी प्यायला जा. जागा तुमची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. मोझार्टचा 'फिगारो' हा ऑपेरा होता, पूर्ण, तीन तासांच्या वर. कठड्यावरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी भाषांतर येत होतं. गुडघे दुखत असतील तर नका जाऊ, मध्यंतर सोडलं तर टेकायला मिळत नाही. माझे दुखतात. तरी पुन्हा जाईन, उद्या जाईन.

फक्त घड्याळाकडे लक्ष ठेवा. आमची बोट रात्री ११ला सुटणार होती आणि पडदा पडला तेव्हा १० वाजून गेले होते. कार्ल्सप्लाट्झला यू-१ मेट्रो पकडायची, पाचवं स्टेशन फोरगार्टेनश्ट्रासं, तिथून नदीपर्यंत चालत. आम्ही पळालोच. धक्क्यावर पोचलो तेव्हा ११ला नऊ मिनिटं कमी होती आणि गळ्याला गार वारा लागला तेव्हा कळलं, ओढणी कठड्यालाच बांधलेली राहिली.