काळी छत्री, वारकरी आणि पाचशे नव्वद रुपये

कॅमेऱ्याच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात कॅमेरा दुरुस्ती केंद्राची एक पावती मी अजून ठेवली आहे. ‘तपासणीत दोष आढळला नाही.’ शुल्क ५००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५९० रुपये. दोष नाही हे कळायला त्यांना १७ दिवस लागले, आणि तेही जानेवारीतले. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला इंदूरमधल्या धार रोडवरच्या सिरपूर तलावाचा जानेवारी म्हणजे काय चीज आहे, हे मी काउंटरवरच्या माणसाला सांगून पाहिलं. त्याने पुढचा टोकन नंबर पुकारला.

माझी तक्रार एवढीच होती की काळे पक्षी फोटोत धड येत नव्हते. बगळे छान, खंड्या छान, टिटवीच्या चोचीजवळची लाल कातडीसुद्धा छान. कोतवाल मात्र तारेवर कात्रीने कापून चिकटवलेल्या कागदासारखा दिसायचा. गर्द झाडीतला कोकीळ काढावा तर तो राखेत लोळून आल्यासारखा करडा. त्या माणसाने एक फोटो मोठा करून पाहिला, ‘फोकस पुढे पडतोय’ असं निदान केलं आणि लेन्ससकट कॅमेरा ठेवून घेतला.

त्याच्याकडे जाण्याआधी वर्षभर मी एकच मंत्र जपत होते. जो भेटेल तो सांगायचा, ‘काळा पक्षी दिसला की मायनस कर’, म्हणजे कॅमेरा ठरवतो त्यापेक्षा उजेड कमी घे. मी करायचे. कोतवाल आणखी काळा व्हायचा.

सगळ्यात जास्त छळलं ते वारकऱ्याने, म्हणजे कूट या पाणपक्ष्याने. (‘वारकऱ्याचे फोटो काढायला सिरपूरला जाते’ म्हटल्यावर आईने विचारलं होतं, तिथून कुठली दिंडी निघते?) होळकरांच्या काळातला हा तलाव २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, आणि हिवाळ्यात त्यावर वारकऱ्यांची अक्षरशः दाटी असते. म्हणजे सरावाला पक्षी कमी नाहीत. पण अंग कोळशासारखं, चोच आणि कपाळावरचा टिळा पांढराफटक, आणि भोवती चकाकतं पाणी. अंगावरची पिसं दिसतील एवढा उजेड घेतला की टिळ्याचा नुसता पांढरा ठिपका उरायचा, चोचीची कडसुद्धा शिल्लक नाही. टिळा सांभाळला की खाली काळा गोळा. लाल डोळा तर त्या गोळ्यात कुठे बुडाला ते शोधावं लागायचं.

कॅमेरा परत आला त्या रविवारी आईने गच्चीवर रजयांना ऊन दाखवायला काढलं होतं. त्यांच्यासोबत आजोबांची लाकडी मुठीची काळी छत्रीही दोरीवर अडकवलेली. रागातच मी कॅमेरा तिच्याकडे वळवला. सेन्सरची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ४००, लेन्सचं छिद्र म्हणजे अॅपर्चर एफ ८, शटर किती वेळ उघडं राहील ते कॅमेऱ्याने ठरवायचं. खाली वाकून, मागे आकाश घेऊन पाहिलं तर १/२५०० सेकंद. तीच छत्री, तेच ऊन. चार पावलं सरकून मागे पाण्याची काळी टाकी घेतली तर १/३२०. तब्बल तीन स्टॉपचा, म्हणजे उजेडात आठपटीचा फरक! पहिल्या फोटोत छत्री म्हणजे काजळाचा डाग, दुसऱ्यात धुऊन धुऊन विटलेली.

छत्रीवर पडणारं ऊन तर बदललं नव्हतं. मग मी शटर हाताने लावत गेले, आणि १/६४० ला कापडाची वीण दिसली, काड्यांजवळचा टाका दिसला, आणि छत्री काळीच राहिली. आई म्हणाली, छत्रीचं काय एवढं? मी तिला फोटो मोठा करून टाका दाखवला. तो तिनेच घातलेला होता.

कॅमेऱ्यातलं मीटर फ्रेममधून परत येणारा उजेड मोजतं आणि त्याची सरासरी करड्यावर आणून बसवतं. जुन्या छायाचित्रकारांचं ग्रे कार्ड असतं ना, १८ टक्के उजेड परतवणारं, साधारण तसा करडा. (जीएसटीही १८ टक्केच. हे मला पावती पुन्हा बघताना सुचलं आणि आणखी चिडचिड झाली.) फ्रेम काळ्याने भरली की ते उजेड वाढवतं, तेव्हा मायनस बरोबर. पण तारेवरच्या कोतवालामागे आकाशच आकाश असतं. ते बघून मीटर आधीच उजेड कापतं. त्यावर मी मायनस करायचे! तिथे प्लस एक, कधी प्लस दीडसुद्धा लागतो. ‘काळं म्हणजे मायनस’ सांगणाऱ्यांनी मागे काय आहे ते आधी विचारायला हवं होतं.

आता ऊन स्थिर असेल तर मी मॅन्युअलवरच, म्हणजे सगळे आकडे हाताने लावून, असते. काठावर पोचल्यावर दोन-तीन फोटो काढून आकडे ठरवायचे, मग पक्षी पाण्यावरून झाडीत गेला तरी हात लावायचा नाही. ढग आला की मात्र पुन्हा बघावं लागतं. मी दोनदा विसरले आहे.

वारकऱ्याचा तिढा छत्रीने अर्धाच सुटला, कारण छत्रीला टिळा नव्हता. तिथे उपयोगी पडलं ते जळलेला, म्हणजे जास्त उजेडाने तपशील गेलेला, भाग लुकलुकवून दाखवणारं सेटिंग. टिळा लुकलुकायचा थांबेपर्यंतच उजेड कमी करायचा, त्याहून एक काटाही जास्त नाही, फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या फाइलमध्ये, काढायचा आणि काळोख घरी थोडा उचलायचा. थोडाच. फार उपसलं की खालचा दाणेदार गाळ वर येतो, आणि तो पुसायला गेलं की पिसं मेणासारखी गुळगुळीत होतात. उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळोख-उजेड कुठे किती आहे ते दाखवणारा आलेख, बघा. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

आणि ज्या धुक्याला मी शिव्या घालत परत फिरायचे, त्याच धुक्यात वारकरी सर्वात सुरेख येतो. उजेड मऊ असला की टिळा आणि अंग यांतलं अंतरच कमी होतं. फेब्रुवारीतल्या एका तशा सकाळी काढलेल्या फोटोत मानेची पिसं काळी आणि पाठीची किंचित पाटीच्या रंगाची, असा फरक मला पहिल्यांदा दिसला. इतकी वर्षं मी त्याला एकरंगी समजत होते.

कोतवालाचं उलट. त्याची निळसर झाक पिसांच्या बारीक रचनेवरून परतणाऱ्या उजेडाची असते, म्हणून ती कोनाप्रमाणे दिसते आणि हरवते. त्याला कोवळं ऊन हवं, तेही आपल्या पाठीमागून. ढगाळ दिवशी तो कोळसाच. काळा शराटीही तसाच: तिरप्या उन्हात पंखांवर हिरवट चमक येते, पण खांद्यावरचा पांढरा पट्टा लगेच जळतो, म्हणजे तिथे पुन्हा वारकऱ्याचाच धडा. फोकस या सगळ्यांच्या छातीवर धरू नका, काळ्या सपाटीवर तो नुसता भटकतो. डोळा पकडा, नाहीतर चोचीचं मूळ. काउंटरवाल्याला पुढे पडणारा फोकस दिसला तो बहुतेक त्यामुळेच. म्हणजे तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता, पण मग दोष लेन्सचा नव्हता हे बघायला १७ दिवस कशाला?

जांभळा शिंजीर अजून राहिलाय. सुदामानगरातल्या आमच्या अंगणातल्या जास्वंदीवर रोज येतो, ऊन पडलं की काळ्याचा जांभळा होतो, आणि मी शटर ठरवेपर्यंत शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडे. विणीचा हंगाम संपला की नर तो रंग उतरवून मादीसारखा पिवळट होतो, त्यामुळे मुदत थोडी आहे. सध्या जास्वंदीशेजारी छत्री उघडून ठेवते आणि तिच्यावर आकडे लावून बसते.