आमची वाटचाल: चुलवाण, काहील आणि १२० तास

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. गुऱ्हाळाच्या काहिली (रस आटवायच्या मोठ्या कढया), चुलवाणाच्या म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या जाळ्या, चिमण्या, डॅम्पर (चिमणीची ओढ कमीजास्त करणारी झडप) ही आमची कामे. सुरुवात काहिलीच्या डागडुजीपासून झाली, मग नव्या काहिली आल्या, मग अख्खे चुलवाण बांधून देणे. गिऱ्हाईक तेव्हाही एकच विचारायचे आणि आजही तेच विचारतात: "तुमच्या चुलवाणावर एका आदणाला चिपाड किती लागतं?" आदण म्हणजे काहिलीत एका वेळी आटवायचा रस, आणि चिपाड म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा; तेच इथले जळण. या प्रश्नाचे उत्तर किलोत देता यावे म्हणून आम्ही कॉलेजचे विद्यार्थी घेऊ लागलो. वाटचाल म्हणायची ती इथून. त्याआधीचे सगळे वेल्डिंग.

पहिल्या एकदोन खेपा वाया गेल्या, आणि दोष विद्यार्थ्यांचा नव्हता. एका खेपेला वीसेक जण आले, हजेरीपटावर सह्या झाल्या, शेवटी प्रमाणपत्रे गेली. विषय होता 'गुऱ्हाळाची कार्यक्षमता वाढवणे'. हा प्रश्नच नव्हे, ही इच्छा आहे. आता प्रश्न असा लिहितो: जाळीच्या पट्ट्यांमधली फट १० मिलिमीटरवरून १५ केली, तर त्याच गुऱ्हाळावर, त्याच जातीच्या उसाला, एका आदणामागे चिपाड किती किलोने कमीजास्त लागते? एका वाक्यात मावणारा, एकच गोष्ट बदलणारा आणि उत्तर 'काही फरक पडत नाही' असे आले तरी उपयोगी पडणारा प्रश्न असेल, तरच गट घ्यायचा.

प्रश्नाचे माप तासांवरून ठरते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यात पदव्युत्तर पहिल्या वर्षाला ४ क्रेडिटचे ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण) आले. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १२०. आमची वाटणी अशी: सुरक्षितता आणि उपकरणे हाताळणे ८ तास, गुऱ्हाळ नुसते पाहणे १२, प्रत्यक्ष मोजमाप ६०, आकडेमोड २४, अहवाल १६. आदणाला तीनेक तास लागतात; मांडामांड आणि आवराआवर धरून चार. म्हणजे ६० तासांत १५ आदणे. पंधरा आदणांत एका बदलाची तुलना होते, दोन बदलांची ओढूनताणून, तीन बदलांची होत नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांना हे आधीच सांगावे लागते, कारण प्रस्तावात पाच उद्दिष्टे लिहायची सवय सगळ्यांनाच असते.

खरी अडचण कॅलेंडरची. चुलवाण पेटते दिवाळीच्या आगेमागे आणि विझते मार्च-एप्रिलात. अभियांत्रिकीची मुले इंटर्नशिपला मोकळी होतात जून-जुलैत, तेव्हा गुऱ्हाळात पाऊस गळत असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात हंगाम जोरात, तर परीक्षाही तेव्हाच. म्हणून कामाचे दोन तुकडे केले. जून-जुलैचा गट वर्कशॉपात बसतो: ड्रॉइंग, जाळी कापणे, थर्मोकपल (तारेचे तापमापक) तपासणे, मागच्या हंगामाच्या वह्यांतले आकडे संगणकावर चढवणे. जानेवारी ते मार्चचा गट गुऱ्हाळावर जातो. दोन्ही गटांत एखादे डोके सारखे असले तर उत्तम, नाहीतर पहिल्यांनी केलेली जाळी दुसऱ्यांना उलटी बसवताना पाहावी लागते.

आता मोजमाप. ओलावा आणि वजन हे दोन आकडे चुकले की बाकी सगळे वाया जाते, म्हणून इथे जरा सविस्तर.

समजा काहिलीत १,००० किलो रस आहे, ब्रिक्स १८, म्हणजे शंभर किलो रसात १८ किलो विरघळलेले घन पदार्थ, मुख्यतः साखर. एकूण १८० किलो घन पदार्थ. मळीतली (उकळताना वर येणाऱ्या गाळातली) घट सोडून दिली आणि गुळात ५ टक्के ओलावा धरला, तर गूळ सुमारे १९० किलो, आणि उडवायचे पाणी ८१० किलो. रस २८ अंशांवरून उकळीला न्यायला साधारण २६५ मेगाज्यूल, आणि पाण्याची वाफ करायला किलोमागे २.२६ प्रमाणे १,८३०. बेरीज २,१०० मेगाज्यूलच्या घरात. ही झाली कामाची उष्णता. जाळलेल्या चिपाडातून किती उष्णता मिळाली ते काढायचे आणि कामाच्या उष्णतेला तिने भागायचे; ती झाली कार्यक्षमता. कागदावर एवढेच.

पण चिपाड किती ओले? १० टक्के ओलाव्याच्या चिपाडातून किलोमागे १५.५ मेगाज्यूल मिळतात, ३० टक्क्यांना ११.५, आणि घाण्यातून नुकत्या निघालेल्या ५० टक्के ओल्या चिपाडातून जेमतेम ७.५. समजा एका आदणाला ६०० किलो चिपाड जळाले. ते १० टक्के ओले मानले तर चुलवाणाची कार्यक्षमता २३ टक्के येते, ३० टक्के मानले तर ३०. चुलवाण तेच, जाळ तोच, आणि ओलावा न मोजता पुस्तकातला आकडा उचलला की सात टक्क्यांचा फरक हवेतून पैदा होतो. नवी जाळी बसवून झालेली सुधारणा बऱ्याचदा एवढीही नसते.

म्हणून प्रत्येक आदणाला चिपाडाचे पाच नमुने घेतो: ढिगाच्या वरून एक, कडेचे दोन, पोटातून दोन. वरचा थर उन्हाने कडक वाळलेला असतो, आत हात घातला की गारवा लागतो. फक्त वरचा नमुना घेतला की चिपाड आहे त्यापेक्षा कोरडे दिसते आणि बिचाऱ्या चुलवाणाच्या नावावर नसलेला दोष चढतो. नमुना लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचा, कॉलेजच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचा. संध्याकाळपर्यंत उघड्यावर राहिलेला नमुना टाकून द्यायचा.

रसाचे लिटर म्हणजे किलो नव्हे. १८ ब्रिक्सचा १,००० लिटर रस १,०७० किलोच्या पुढे भरतो. हौदावर खुणा करून लिटर मोजले असतील तर घनतेने गुणायचे. सुरुवातीला ब्रिक्स मोजायचे हातातले ० ते ३२ चे रिफ्रॅक्टोमीटर चालते, पाक दाटला की ५८ ते ९० चे दुसरे लागते, आणि गरम पाकाचा थेंब काचेवर टाकून लगेच वाचला की आकडा खोटा येतो. निवू द्यायचा.

थर्मोकपलबद्दल एक गंमत. रस उकळायला लागला तरी वाचन १०० ला जात नाही, ९८ च्या आसपास घोटाळते, आणि दर वर्षी कोणीतरी उपकरण बिघडले म्हणून फोन करते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, पाणी इथे ९८ लाच उकळते. पुढे पाक दाटत जातो तसे तापमान चढते. काकवी १०५ च्या आसपास उतरवतात, गुळाचा पाक ११८ च्या आसपास. थर्मोकपलचे टोक काहिलीच्या पत्र्याला टेकले तर मात्र वाचन खरेच चुकते. त्यासाठी आम्ही लाकडी पट्टीला नळी बांधून टोक बुडापासून चार बोटे वर ठेवतो.

दिवसाचे पहिले आदण तुलनेत धरत नाही. रात्रभर गार पडलेल्या विटा तापायला जी उष्णता खातात ती जाळीच्या नावावर कशाला? बदलाआधी तीन आणि बदलानंतर तीन आदणे ही कमीतकमी गरज, ऊस त्याच जातीचा. आमच्याकडे बहुतेक को ८६०३२ असतो, त्यामुळे हे तुलनेने सोपे जाते.

वही कागदाची आणि पेन्सिल शिसाची. वाफेत फोनचा पडदा चालत नाही, शाई पसरते. वहीतले सगळे आकडे शून्यावर किंवा पाचावर संपत असतील, तर ते मागाहून आठवून लिहिलेले असतात; ते पान आम्ही बाद करतो, रागावत नाही. धुराने डोळे चुरचुरत असताना दर दहा मिनिटांनी भारा तोलणे सोपे नाही. त्यासाठी दोघांची जोडी हवी, एक तोलणारा आणि एक लिहिणारा, आणि दोघांपैकी एकाला तरी गुळव्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत.

गुळव्या हा यातला सगळ्यात मोठा जाणकार. पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी बोटांनी दाबतो आणि काहील उतरवायची वेळ सांगतो. त्याच्या हाकेआधी आणि हाकेनंतर थर्मोकपल काय दाखवते, हे नोंदवणे हाच एका गटाचा पूर्ण विषय होऊ शकतो. अशा गुळव्याला कॉलेजच्या भाषेत प्रतिसादक म्हणतात. आम्ही अहवालात सहमार्गदर्शक म्हणून त्याचे नाव घालायला सांगतो, त्याची तयारी असेल तर.

गुऱ्हाळमालक हा तिसरा भागीदार, आणि नुकसान होण्याची शक्यता सर्वांत जास्त त्याची. प्रयोगापायी एक आदण करपले तर दोनशेएक किलो गूळ काळा पडतो आणि सौद्यात (लिलावात) भाव तुटतो. म्हणून आमच्या करारातले पहिले कलम हेच: प्रयोगामुळे आदण बिघडले तर त्या दिवशीच्या सौद्याच्या दराने फरक वर्कशॉप भरेल. दुसरे: गुळव्याने 'थांबा' म्हटले की प्रयोग थांबला, प्राध्यापक समोर असले तरी. तिसरे: गुऱ्हाळाचे नाव अहवालात मालकाच्या लेखी संमतीशिवाय येणार नाही. करार दोन पानांचा, मराठीत, तिघांच्या सह्यांचा. कॉलेजांचे छापील सामंजस्य करार फोटोला छान दिसतात, पण बिघडलेल्या आदणाचे पैसे कोणी द्यायचे हे त्यात नसते.

सुरक्षितता थोडक्यात, पण यात सूट नाही. सुती कपडे, बंद बूट. घाण्यात ऊस घालायला विद्यार्थ्याने हात लावायचा नाही. काहील वाफ्यात (पाक गार करायच्या उथळ हौदात) रिकामी होताना त्या बाजूला कोणी उभे राहायचे नाही. पाक चिकटतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. अपघात विमा रुजू होण्याआधी.

पैशांचे म्हणाल तर विद्यावेतन, एसटीचे भाडे आणि गुऱ्हाळावरचे जेवण आम्ही देतो. बरेच उद्योजक २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेकडे बोट दाखवतात. ती योजना चांगली आहे, सुरू झाली तेव्हा सहा महिन्यांची, पात्रतेनुसार ६, ८ किंवा १० हजार रुपये महिना. पण ती शिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी आहे. क्रेडिटसाठी येणारा विद्यार्थी त्यात बसत नाही. कॅनडात १९९९ मध्ये स्थापन झालेली मायटॅक्स नावाची संस्था हे काम करते: प्राध्यापक आणि उद्योग किंवा सामाजिक संस्था मिळून प्रस्ताव लिहितात, उद्योगाचा वाटा आणि संस्थेचा वाटा एकत्र होऊन विद्यापीठाकडे जातो आणि विद्यार्थ्याला तिथून मिळतो. आपल्याकडे उन्नत महाराष्ट्र अभियानाने २०१६ पासून अभियांत्रिकी महाविद्यालये आणि स्थानिक प्रश्न यांची गाठ घालायला सुरुवात केली. आम्ही त्यांच्याकडून एकच गोष्ट उचलली: प्रस्ताव विद्यार्थ्याने नव्हे, प्राध्यापकाने लिहायचा. प्राध्यापकाचे नाव वर असले की तो गुऱ्हाळावर येतो.

पेटंटच्या बाबतीत एक सावधगिरी. नव्या रचनेत नोंदवण्यासारखे काही वाटले, तर कॉलेजच्या प्रदर्शनात पोस्टर लावण्याआधी तात्पुरते विवरणपत्र दाखल करायचे. पूर्ण विवरण द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. पोस्टर आधी लागले की नावीन्य गेले. म्हणून छापण्याआधी ३० दिवस मसुदा आम्हाला वाचायला द्यावा, एवढेच कलम घातले आहे. निकाल आमच्या विरोधात असेल तरी तो अडवायचा नाही, हेही तिथेच लिहिले आहे.

असे निकाल येतातही. चिमणीच्या धुरावर पुढच्या आदणाचा रस तापवला की इंधन निम्मे लागते, असा बाजारात बोलबाला आहे. वरचीच आकडेमोड पुढे नेली: १,००० किलो रस २८ वरून ७० अंशांवर नेला तर वाचतात सुमारे १६० मेगाज्यूल. २,१०० पैकी १६०, म्हणजे जेमतेम आठ टक्के. आठ टक्के वाईट नाहीत, पण निम्मे नव्हेत. जास्त हवे तर दुसऱ्या काहिलीत रस नुसता कोमट न करता उकळवावा लागतो, आणि मग चिमणीची ओढ कमी पडते. हे कळल्यावर आमच्या माहितीपत्रकातली एक ओळ आम्हीच काढली.

शेवटी दोन अहवाल. एक कॉलेजच्या साच्यातला. दुसरा एका पानाचा, मराठीत, टक्के न लिहिता किलो आणि रुपयांत, आणि तो गुऱ्हाळावर मालक, गुळव्या आणि जाळ घालणारा यांच्यासमोर मोठ्याने वाचायचा. वाचताना जाळ घालणारा हमखास एखादी चूक काढतो. "त्या दिवशी पाचट पण घातलं होतं की," म्हणतो, आणि एक आदण तक्त्यातून जाते.

येत्या जून-जुलैच्या गटाकडे डॅम्परचे काम आहे. धुरातला प्राणवायू १२ टक्के निघाला तर गरजेइतक्या हवेवर आणखी तिच्या सुमारे १.३ पट जादा हवा आत चालली आहे असे समजायचे, आणि ती हवा उष्णता घेऊन चिमणीतून जाते. ते मोजायला चिमणीच्या बुडाशी अर्ध्या इंचाचे भोक आणि त्याला झाकण लागते. पावसाळ्यात चुलवाण गार असते, तेव्हाच ते भोक पाडून घ्यायचे आहे.