वीडरला नवीन इंजिन, स्वस्तातलं
आमच्या बेल्टवाल्या वीडरचं (तण काढायच्या मशीनचं) इंजिन गेलं, कनेक्टिंग रॉड तुटून थेट केसिंग फोडून बाहेर, म्हणजे रिपेअरचा विषयच संपला. होंडाचं जीएक्स२०० घ्यायची लय इच्छा होती पण खिसा नाही म्हणाला, मग तसल्याच बांधणीचं चायना १७०एफ बघितलं, २१२ सीसीचं. एचपीचे आकडे सोडा हो, स्टिकरवर काय पण छापतात, खरी भानगड शाफ्टची, म्हणजे इंजिनातून बाहेर येणाऱ्या, बेल्टची पुली बसते त्या दांड्याची. १९.०५ आणि २० मिमी जाडीचे दोन्ही मिळतात, नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात आणि घरी आल्यावर पुली काय बसत नाही! दुकानात व्हर्नियर (जाडी अचूक मोजायचं साधन) घेऊनच जा. शाफ्टची लांबी, कीवे (पुली घट्ट धरणाऱ्या चावीची खाच), खालच्या चार बोल्टांमधलं अंतर, सगळं मोजा. आणि हो, नवीन इंजिन बहुतेक वेळा कोरडंच येतं, दोरी ओढायच्या आधी साधारण ०.६ लिटर ऑईल टाका.