गरम झाली की घेत नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी येते ती सगळ्यांत शेवटी. पंप बदलून होतो, प्लग बदलून होतात, मेकॅनिक हात टेकतो, मग कुणीतरी म्हणतं, "एकदा वायरमनला दाखवा." त्यामुळे ती पांढरी मारुती एस्टीम टोचनवर आली तेव्हा मागच्या सीटवर काढलेल्या पार्टांचं खोकं असणार, हे मला ठाऊकच होतं. खोक्यात पेट्रोल पंप, प्लगचे दोन सेट, आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर आरपीएम सांभाळणारा) आणि इंजिन फिरवून चालू करणारी एक पूर्ण सेल्फ मोटर होती. हे सगळं मी नंतर टेबलावर तपासलं, त्यातलं काहीही खराब नव्हतं.

ती घेऊन आलेल्या पोराच्या वडिलांची गाडी, 2002 ची. एस्टीम 1994 ते 2007 अशी तेरा वर्षं बनली आणि तिचं 1298 सीसीचं इंजिन अजूनही जाणकारांना हवंसं वाटतं. वजन कमी, इंजिन रेसला मोकळं, म्हणून रॅलीवाल्यांनी ती उचलून धरली. वडिलांच्या पश्चात पोराने ती हौसेने मॉडिफाय करून घेतली होती. बंपरच्या मागून हवा ओढणारा कोन फिल्टर, चारही सिलिंडरचा धूर एका पाइपात आणणारा फोर-टू-वन हेडर, मोठा सायलेन्सर. फिल्टरच्या पाइपला जागा हवी म्हणून बॅटरी पुढून काढून डिकीत नेलेली. बोनेटखालचा सगळा भाग बॉडीच्या रंगात पावडर कोट केलेला. काम सुबक होतं, हे मान्यच करायला हवं. एक वायर लोंबकळत नव्हती.

"मामा, सकाळी एका सेल्फला घेते बघा. दुपारी गरम झाली की घेतच न्हाई. आणि घेतली तर आरपीएम नुसता नाचतोय. कधी चौदाशे, कधी पाचशे. सिग्नलला बंद पडते, मागनं हॉर्न वाजवत्यात."

"किती दिवस चाललंय?"

"पावसाळ्यापास्नं. त्याच्या आधी काय बी नव्हतं."

पावसाळ्यापासून, हे मी पाटीवर लिहून ठेवलं. गिऱ्हाईक जे सहज बोलून जातं त्यातच पुष्कळदा अर्धं निदान असतं, आणि आमच्या धंद्यात नेमकं तेच कुणी ऐकून घेत नाही.

या गाडीला स्कॅनरचं सॉकेट नाही. आपल्याकडे गाड्यांना ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायची सोय, सक्तीची झाली 2010 पासून, आणि ओबीडी-टू 2013 पासून. त्याआधीच्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत डायग्नोसिस कनेक्टरच्या दोन टोकांत वायरचा तुकडा घालायचा आणि चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. एकदा, मग थोडं थांबून दोनदा. कोड 12, म्हणजे ईसीयूच्या, इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, नजरेत सगळं ठीक. नवीन पोरांच्या हातात हजारो रुपयांचे स्कॅनर आहेत, पण सॉकेट दिसलं नाही की ती गाडी परत पाठवतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती पोरं हुशार आहेत, त्यांना कुणी हे दाखवलेलं नाही इतकंच.

मग गाडी तापवली. तक्रार गरम गाडीची असेल तर थंड गाडीवर हात फिरवून उपयोग नाही. रेडिएटरचा फॅन दोनदा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवलं, बंद केलं, बोनेट लावून चहा घेतला आणि मग सेल्फ मारायला सांगितला. घर्र... घर्र... घर्र. इंजिन फिरत होतं, पण जड फिरत होतं. आधीच्या प्रत्येकाने "घेत नाही" एवढंच धरलं आणि तो पेट्रोलच्या मागे लागला. सेल्फ किती वेगाने फिरतोय हे कानाने ऐकायला काही खर्च येत नाही.

आता मोजमाप. बॅटरीवर मीटर लावून सेल्फ मारला तर 10.5 व्होल्ट. उत्तम बॅटरी. तेच मीटर सेल्फच्या टर्मिनलवर आणि सेल्फच्या बॉडीवर लावलं तर 7.2. म्हणजे 3.3 व्होल्ट वाटेत कुठेतरी जिरत होते. पॉझिटिव्ह बाजूला, डिकीपासून सेल्फपर्यंत, 0.7 गेले. एवढ्या लांबीला मी ते चालवून घेतलं असतं. उरलेल्या 2.6 साठी एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं थेट इंजिन ब्लॉकवर ठेवलं आणि पुन्हा सेल्फ. पूर्ण 2.6 तिथेच. अर्थच्या बाजूला, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेवर, हा आकडा पाव व्होल्टच्या आत हवा.

हीच गाडी आधी एका वायरमनने पाहिली होती आणि "अर्थ ओके" म्हणून सांगितलं होतं. त्याने मीटरच्या बझरने, जोड लागला की वाजतो त्याने, पाहिलं असणार. क्लॅम्प मीटरवर सेल्फचा करंट सव्वाशे अँपिअर दिसत होता. सव्वाशे अँपिअरला 2.6 व्होल्ट, म्हणजे जोडातला अडथळा साधारण 0.02 ओहम. बझर तीस-चाळीस ओहमलासुद्धा वाजतो. टेस्टरचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही, तो झगझगीत पेटणारच. इतका लहान अडथळा दिसतो तो फक्त लोड असताना. सेल्फ फिरत असताना व्होल्ट मोजायचे, बाकी सगळी तपासणी फसवी. हे मी हाताखालच्या प्रत्येक पोराला पहिल्या महिन्यात शिकवतो.

मीटर धरून वाकलो होतो तेव्हा वास आला. प्लॅस्टिक करपल्याचा, अगदी हलका. पोराला थांबायला सांगितलं आणि हात फिरवत गेलो. इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीजवळ अ‍ॅक्सिलरेटरची केबल ज्या ब्रॅकेटमध्ये बसते तिथे तिचं आवरण गरम होतं. इंजिनच्या धगीने तापल्यासारखं नाही, बोट ठेववत नव्हतं. बाकीचा इनटेक त्या मानाने थंड. पुन्हा दोन सेकंद सेल्फ मारला, आणखी तापली. आवरणावर एका जागी काळसर फुगवटा आला होता.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, सायलेन्सर रबरावर टांगलेला असतो. इंजिन आणि बॉडी यांच्यात वीज जायला अर्थची पट्टी हाच रस्ता. मूळ गाडीत बॅटरीची जाड निगेटिव्ह वायर सरळ गिअरबॉक्सवर येते. बॅटरी डिकीत नेताना ती काढली, निगेटिव्ह डिकीतच बॉडीला घट्ट केली आणि इंजिनपासून बॉडीला एक नवी पट्टी मारली. पट्टी चांगली होती, जागा चुकली. बोल्ट काढला तेव्हा लगच्या, म्हणजे पट्टीच्या टोकाच्या कडीच्या, खाली पांढरा पावडर कोट जसाच्या तसा, गुळगुळीत. त्या रंगातून वीज जात नाही. धातूला धातू लागत होता तो फक्त बोल्टच्या आट्यांत, आणि आट्यांवर गंज. पावसाळ्यापर्यंत आट्यांनी भार ओढला. पाणी बसलं, गंज वाढला आणि करंटने दुसरा रस्ता शोधला. क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, जे लोखंड मिळेल ते.

आरपीएमचा नाच तिथूनच सुरू झालेला. केबलच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तार चिकटायला लागली. पाय काढला तरी थ्रॉटल केसभर उघडं राहायचं. ईसीयूला वाटायचं पाय अजून पेडलवर आहे, म्हणून तो आयडल सांभाळायचाच नाही. आरपीएम चौदाशे. त्यावर कुणीतरी उपाय म्हणून थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू मागे फिरवला होता, कंपनीची रंगाची खूण तुटलेली स्पष्ट दिसत होती. आता तार कधी सुटली की थ्रॉटल गरजेपेक्षा जास्त बंद व्हायचं. आरपीएम पाचशे आणि सिग्नलला बंद. एकाच बिघाडाची दोन उलटी लक्षणं, म्हणून तर आयडल व्हॉल्व्ह बदलला गेला. त्या स्क्रूला हात लावणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो राहील. ती खूण हात लावू नका म्हणूनच मारलेली असते.

काम अर्ध्या दिवसाचंही नव्हतं. लगच्या जागेचा रंग पार पत्र्यापर्यंत घासला, स्टार वॉशर, 35 चौरस मिलिमीटरची पट्टी, वरून ग्रीस. दुसरी पट्टी गिअरबॉक्सवरून चासीला. केबल नवी मिळेना, जुन्या बाजारातून चांगली शोधून आणली. स्टॉप स्क्रू खुणेवर परत. पोराने त्याच तापलेल्या गाडीला सेल्फ मारला आणि अर्ध्या फेऱ्यात इंजिनने घेतलं. अर्थवर 0.15 व्होल्ट. आयडल 850 ला येऊन थांबलं, हेडलाइट आणि ब्लोअर लावले तरी हललं नाही.

गरम झाल्यावरच का, हा प्रश्न मी अजून घोळवतोय. तापलेल्या सेल्फच्या तांब्याचा अडथळा वाढतो, हे एक कारण. सकाळी जोड थंड असतो आणि एका सेल्फमध्ये भागतं, दिवसाच्या चौथ्या-पाचव्या सेल्फपर्यंत तोच जोड तापून आणखी खराब होतो, हे दुसरं. मला दुसरं जास्त पटतं. सव्वाशे अँपिअर गुणिले 2.6 व्होल्ट, म्हणजे सव्वातीनशे वॅट उष्णता त्या एका बोल्टवर आणि केबलींवर.

आणि त्या केबलपासून वीतभर अंतरावर इंजेक्टरची रेल आहे, तिच्यात दाबाखाली पेट्रोल. पोरगं त्या गाडीतून आईला घेऊन जोतिबाला जाऊन आलं होतं. रस्त्यात गाडी गरम झाल्यावर किती वेळा, किती लांब सेल्फ मारला असेल, हे मी त्याला विचारलंच नाही.

ज्याने गाडी मॉडिफाय केली त्याचा नंबर घेऊन मी स्वतः फोन केला. भांडायला नाही. तो म्हणाला, "दादा, अर्थ आम्ही बझर लावून चेक केली होती." मी आकडे सांगितले, लगच्या फोटोसकट पाठवले. मग विचारलं, अशा किती गाड्यांच्या बॅटऱ्या डिकीत नेल्यात आणि बोनेटखाली पावडर कोट केलाय? त्याने वही काढली, नावं काढली आणि एकेकाला फोन करतो म्हणाला. त्याने केलेही. परवा त्यातली एक जुनी झेन आली. मालकाची तक्रार काहीच नव्हती, सेल्फ झकास, आयडल स्थिर. अर्थवर 1.1 व्होल्ट, आणि क्लचची केबल कोमट.