काकूंच्या हौदातले हिरवे किडे

दांडिया बाजारातल्या काकूंचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये टेस्ट ट्यूब धूत होतो. "अरे, अंगणातल्या हौदात हिरवे किडे झालेत. तुमच्याकडे काही औषध असेल ना?" मी न बघताच सांगून मोकळा झालो, "ब्लीचिंग पावडर टाका." इतकी वर्षं लॅब असिस्टंटची नोकरी करून हे शहाणपण!

नशीब, पावडर घरात नव्हती. दुपारी नातू बाटली घेऊन आला. ती खिडकीत ठेवून चहाला गेलो. परत येऊन बघतो तर सगळे ठिपके उजेडाच्या बाजूला गोळा झालेले. बाटली फिरवली, तर थोड्या वेळानं हळूहळू गडगडत पुन्हा खिडकीकडे. किडे कुठले असे चालतात?

पहिली स्लाइड वाया गेली. घाईत कव्हरस्लिप दाबली आणि सगळ्यांचा चेंदामेंदा झाला. मग खोलगट स्लाइड काढली आणि 100 पटीवर बघितलं. व्हॉल्वॉक्स! किडा नव्हेच, पाण्यातलं हिरवं शेवाळ. कॉलेजात दरवर्षी तयार स्लाइडवर मेलेलं, रंगवलेलं दाखवतो तेच. पण हे जिवंत होतं. जेलीचा पोकळ गोळा, त्यावर टिकल्यांसारख्या हिरव्या पेशी. एका गोळ्यात 500 ते 50,000 पेशी असू शकतात. बहुतेक पेशींना दोन-दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे बारीक धागे, त्या एका तालात हलल्या की अख्खा गोळा स्वतःभोवती फिरत पुढे सरकतो. पोटात गडद हिरवे पिल्लू-गोळे. बघता बघता एक आई फाटली आणि पिल्लू बाहेर पडून सरळ चालतं झालं. त्या रिकाम्या चिंध्यांकडे बघवेना.

स्वतः सूक्ष्मदर्शक बनवून सूक्ष्मजीव बघणाऱ्या लेव्हेनहूकनं हॉलंडमधल्या पाण्यात हेच गोळे पाहून 1700 साली लिहून ठेवलं होतं.

संध्याकाळी हौद बघायला गेलो. पावसाचं साचलेलं, उथळ, उन्हातलं पाणी. वर वळचणीला कबुतरं, म्हणजे खताचीही सोय. याला दुसरं काय हवं?

"मग हे विषारी नाही ना?" काकूंनी विचारलं.

"नाही हो. पण पाणी प्यायचं नाही, आणि डासांसाठी जाळी घाला."

आठ-दहा दिवसांनी गेलो, तर हौद तळाला गेलेला, हिरवं काहीच नाही. पाणी आटायला लागलं की जाड कवचाची बीजं तळाच्या गाळात उरतात, पुढच्या पावसाची वाट बघत. मी डब्यात गाळ भरू लागलो तशा काकू हसल्या, "अरे, चिखल कशाला नेतोस? घरी बायको आत घेणार नाही."