कूलर शांत होता, पंखा नव्हता

मी रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून टाइप करते. काम रात्रीचं, घर निजल्यावरचं, आणि नेमका तेव्हाच संगणकाच्या प्रोसेसरसोबत आलेला छोटा पंखा घरघरायचा. हळू आवाजातला एखादा शब्द चार-चारदा मागे जाऊन ऐकावा लागे. शेवटी कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंख्याचा भाग, बदलायचं ठरवलं.

पाण्याचा कूलर नको होता, कारण त्यात पंख्यांबरोबर पंपाचाही आवाज येतो. मग हवेचाच, धातूच्या पातळ पत्र्यांचा उभा टॉवर. मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा ढकलतो, त्यामुळे १२० मिमीच्या खाली जायचं नाही एवढं पक्कं केलं. नॉक्टुआचा एनएच-डी१५ मनात भरला होता, पण त्याची उंची १६५ मिमी आणि माझ्या कॅबिनेटमध्ये जागा १६० मिमीचीच. ही मर्यादा कॅबिनेटच्या माहितीपत्रकात असते. आधी ती बघा, मग कूलर. डेसिबलचे आकडे जुळवण्यात मी दोन संध्याकाळी घालवल्या, त्या वायाच गेल्या. प्रत्येक कंपनी किती अंतरावरून, कशा खोलीत मोजते ते सारखं नसतं, मग तुलना कसली करणार? १५५ मिमीचा एक टॉवर घेतला, तासाभरात बसवला.

आणि पहिल्याच रात्री रडू यायचं बाकी राहिलं.

नुसती फाइल उघडली की पंखा सूंऽऽ करून चढायचा, पाच-सात सेकंदांनी उतरायचा. पान बदललं की पुन्हा तेच. जुना पंखा निदान एका सुरात घरघरायचा, त्याची कानाला सवय झाली होती. या चढउताराची सवय होईना. पंख्याचा वेग ठरवतो तो मदरबोर्ड, संगणकातला मुख्य सर्किट बोर्ड, म्हणून त्याच्या कंपनीला लिहिलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं: पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात ती) पुन्हा लावून पाहा. लावली. फरक शून्य. पुन्हा लिहिलं, तर आधीचंच उत्तर जसंच्या तसं. त्या नऊ दिवसांचा राग अजून गेलेला नाही, कारण दोष पेस्टचा नव्हताच.

एका रात्री कॅबिनेटची बाजू काढून बसले. पडद्यावर तापमान ४२ वरून एका झटक्यात ६८ अंशांवर गेलं आणि पंखा भडकला. त्याच क्षणी कूलरच्या पातळ पत्र्यांना बोट लावलं. गार! उष्णता अजून कूलरपर्यंत पोचलीच नव्हती. हल्लीचे प्रोसेसर जरा काम दिसलं की क्षणभर वेग वाढवतात, सेन्सरचा आकडा उसळतो आणि मदरबोर्ड त्या आकड्यामागे पंख्याला पळवतो. एवढं मोठं धातूचं धूड तापायला वेळ लागतो, हे कोणी लक्षातच घेत नाही.

मग बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन फॅन कर्व्ह बदलला, म्हणजे किती अंशांना पंखा किती वेगाने फिरायचा ते. ६५ अंशांपर्यंत पंखा सपाट ३० टक्क्यांवर, ७५ ला ५०, ८५ च्या पुढे पूर्ण. त्याहून मोलाची सेटिंग म्हणजे वेग बदलण्याआधी थांबायचा वेळ. काही बोर्डांवर ती 'स्टेप अप' नावाने असते. माझ्याकडे ती शून्यावर होती, मी ती सहा सेकंदांवर नेली. सूंऽऽ बंद! मी खुर्चीतून उठून कान कॅबिनेटला लावून आले, पंखा फिरतोय ना ते बघायला.

अर्धा तास जड काम चालवून तापमान मात्र जरूर बघा. माझं ७८ च्या वर गेलं नाही. तुमचा कूलर लहान असेल तर ३० टक्के कमी पडतील, तेव्हा आकडे माझे उचलू नका, तुमच्याच मशीनवर ठरवा. आणि पंखा घेताना त्याच्या वायरीची जोडणी चार पिनांची बघा. तीन पिनांचाही वेग व्होल्टेज कमी करून उतरवता येतो, पण फार खाली नेला तर तो अडखळतो.

बसवताना कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची, हे वर सांगायचं राहिलं. ती तशीच राहिली तर पेस्टचा काही उपयोग नाही.

आता मंद घूं येतो तो कॅबिनेटच्या मागच्या पंख्याचा. त्याच्या मधल्या गोल भागावर, पात्यांवर नव्हे, क्षणभर बोट टेकवून खात्री केली. उद्या त्याचाही कर्व्ह बदलणार आहे.